माहेरचा पत्ता

दिवस भरलेली बाई दारात आली की मालनबाई पहिला प्रश्न एकच विचारायच्या, "सासर कुठलं गं?" कळा सुरू असोत, सोबतची आई रडकुंडीला आलेली असो, मालनबाईंना त्याचं काही नसे. सासरच्या गावाचं नाव, तालुका, सासऱ्याचं नाव, सगळं विमला सिस्टरांना सांगून नोंदवहीत लिहून घ्यायचं आणि मगच बाईला हाताला धरून आत न्यायचं. कुणी म्हणालं, "अहो, इथलाच पत्ता लिहा ना, आम्ही चार घरं सोडून राहतो," तर त्या डोळे वटारायच्या. "इथं तू चार महिन्याची. नांदायचं तिकडं हाय."

या सवयीपायी पुढे काय झालं ते मी सांगणार आहे. मी कोंडाजी. कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होतो आणि वसाहतीच्या मंडळाचा एकोणीस वर्षं सेक्रेटरी. लिहिण्याची सवय मला फक्त सभेच्या इतिवृत्ताची. त्यात "चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर" एवढं लिहिलं की भागतं. इथे तसं भागणार नाही, कारण त्या सर्वानुमतेत मीही होतो.

आमची श्रमसाफल्य वसाहत सातपूरच्या मागच्या अंगाला आहे. साडेतीनशे घरं. कुणी निफाडकडचं, कुणी पेठचं, कुणी वणीचं, सगळे एमआयडीसीत पोट भरायला आलेले. सत्याऐंशी साली इथली एक बाई टेम्पोत, हॉस्पिटलच्या वाटेवर, बाळंत होता होता गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही पिंपळाखाली जमलो आणि ठरवलं की आपलं प्रसूतिगृह आपणच बांधायचं. पैसा कुणाकडेच नव्हता. म्हणून "घरटी एक सुट्टी" असा नियम केला. दर महिन्याला प्रत्येक घराने आपल्या साप्ताहिक सुट्टीचा एक दिवस द्यायचा. गवंडी असेल त्याने भिंत चढवायची, इलेक्ट्रिशियनने वायर ओढायची, काहीच येत नसेल त्याने घमेली उचलायची. चौदा महिने ती सुट्टी कुणी घरी बसून काढली नाही. बाळंतिणीचं टेबल मी स्वतः वेल्डिंग केलं, कारखान्यातल्या टाकाऊ पाइपांचं. त्याचा एक पाय पाव इंच आखूड झाला. त्याखाली मी रबराचा तुकडा चिकटवला, तो कायम तसाच राहिला.

पाच खाटा, एक सिस्टर, आठवड्यातून तीनदा येणारी एक डॉक्टरीणबाई. अवघड केस दिसली तर वेळेवर पुढे पाठवायची, सोपी असेल तर इथेच. बाहेरून पाहणाऱ्याला ती बैठी इमारत रेशनचं दुकान वाटायची. पण आत एका फ्रिजमध्ये दुसऱ्या कप्प्यात एक इंजेक्शन कायम असायचं, बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर द्यायचं. ते संपण्याआधी नवं आणून ठेवणं हे काम मालनबाईंनी स्वतःच स्वतःकडे घेतलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. रिकामी बाटली पदरात बांधून त्या मेडिकलवाल्याकडे जायच्या.

मालनबाई मूळच्या दिंडोरीकडच्या. नवरा प्रेस शॉपला होता. आया म्हणून त्या चौऱ्याण्णव साली लागल्या. चार वर्षांनी त्याच टेबलावर त्यांना तेजल झाली, आणि तेजल पाच वर्षांची असताना नवरा काविळीने गेला. दिराने गावी चल म्हणून आग्रह केला, तर यांनी सांगितलं, "तिकडं माझं वावर हाय, पण इथं माझी माणसं हायेत." खरंतर बाईचं तोंड फटकळ होतं. कळा देताना कुणी नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायला लागली की या म्हणायच्या, "त्याला मागून शिव्या दे, आधी जोर लाव." पण तीच बाई बाळंतिणीसाठी स्वतःच्या घरून बाजरीची पातळ पेज करून आणायची आणि सगळी संपेपर्यंत समोर बसून राहायची.

सासरच्या पत्त्याचा हट्ट त्यांनी उगीच धरला नव्हता. पूर्वी नोंदवहीत माहेरचाच पत्ता लिहीत असत. शुभांगी नावाची एक पोर होती वसाहतीतली, वणीकडे दिलेली. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, मुलगी झाली, दाखल्यावर पत्ता बापाच्या घराचा पडला. सासरच्यांना निमित्तच हवं होतं. चार पंचांसमोर त्यांनी तो कागद नाचवला. म्हणाले, हिने स्वतःच लिहून दिलंय की मी बापाच्या घरची, मग आम्ही कशाला नेऊ? नेली नाहीच. दोन वर्षांनी तिला एका बिजवराला दिली आणि पोर आजोळी राहिली. ज्या दिवशी शुभांगी दुसऱ्यांदा बोहल्यावर चढली, त्या दिवशी मालनबाईंनी सिस्टरांना सांगितलं, "आजपासून या वहीत एकाबी लेकीचं माहेर लिहायचं नाय."

आणि पंचवीस वर्षं लिहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी इमारत थकली. छत गळू लागलं, सिस्टरांचा पगार देताना मंडळाला घाम फुटू लागला. जुने कामगार निवृत्त, नव्या पोरांची नोकरी कंत्राटी, सुट्टीच नाही तर घरटी सुट्टी कुठून देणार? अशात एका कंपनीची समाजकार्य करणारी संस्था आमच्याकडे आली. छत नवं, यंत्रं नवी, पाच वर्षं सिस्टर आणि आयाचा पगार, सगळं द्यायला तयार. अट एकच. ही गुंतवणूक स्थानिक लोकांसाठी आहे, तेव्हा लाभ घेणाऱ्यांत निदान साठ टक्के स्थानिक हवेत. आम्ही हसलो. म्हटलं, बाई, इथे स्थानिक सोडून येतंय कोण? घ्या मोजून.

मोजायला सृष्टी नावाची मुलगी आली. हातात टॅब, पायात साधी चप्पल, बोलायला गोड. कामात खोट नव्हती तिच्या, हे मी आजही म्हणेन. तिने नोंदवही तपासली आणि घरोघर फिरलीसुद्धा. माझ्या ओट्यावर बसून चहा घेता घेता तिने विचारलं, "काका, गेल्या तीन वर्षांत तुमच्या घरातल्या कुणाची प्रसूती इथे झाली?"

मी म्हणालो, "नाही. सुनेची दोन्ही बाळंतपणं तिच्या माहेरी झाली, निफाडला."

"आणि मुलगी?"

"तिला दिली ना. संगमनेरला असते."

तिने "नाही" वर बोट टेकवलं. माझी मनीषा दीड वर्षापूर्वी त्याच इमारतीत, मी केलेल्या टेबलावर बाळंत झाली होती. दाराबाहेर मी तीन तास येरझाऱ्या घातल्या होत्या. पण "तुमच्या घरातल्या" म्हटल्यावर ती माझ्या डोक्यातच आली नाही. दिल्या घरची लेक आपल्या घरात कशी मोजायची? साडेतीनशे घरांनी हेच उत्तर दिलं. सुना माहेरी जातात आणि लेकी माहेरी येतात, म्हणजे आमच्या प्रसूतिगृहात येणाऱ्या बायका होत्या त्या सगळ्या आमच्याच ओट्यांवर वाढलेल्या, आणि कागदावर त्यातल्या बहुतेक होत्या येवल्याच्या, सिन्नरच्या, संगमनेरच्या.

अहवाल आला. स्थानिक लाभार्थी तेवीस टक्के.

सभेला मालनबाई पहिल्यांदाच आल्या. एरवी त्या मागे सतरंज्या घालून निघून जायच्या. अध्यक्ष महेश, हा आमच्यातलाच एका टर्नरचा मुलगा, त्याने अहवाल वाचून दाखवला. तो वाचत असतानाच मालनबाई उभ्या राहिल्या.

"बाहेरच्या कोन? कोन बाहेरच्या?" त्यांचा आवाज चिरकला. "अहो, त्या आमच्या पोरी हायेत!"

सृष्टी उठून त्यांच्याजवळ गेली. "मावशी, मला कळतंय. पण वहीत पत्ता येवल्याचा आहे, सिन्नरचा आहे. आणि घरच्यांनीही नाही म्हणून सांगितलंय. मी काय दाखवू वर?"

 मालनबाई खाली बसल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "माझंच शिकवलेलं मला नडलं, भाऊ."

सृष्टीने एक वाट काढून दिली. महिन्याभरात प्रत्येक घराने लिहून द्यायचं की अमुक महिला प्रसूतीच्या काळात माझ्या घरी वास्तव्यास होती, ती इथली रहिवासी आहे. खाली बापाची किंवा भावाची सही. नोंदवहीशी ताळा जमला की आकडा बदलेल. छापील नमुनाही तिने करून दिला. तीन वर्षांतल्या अशा लेकी निघाल्या एकशे बारा.

मालनबाई निघाल्या दारोदार. सकाळी ड्यूटी, संध्याकाळी नमुन्यांचा गठ्ठा पिशवीत घालून घरोघर. मी त्यांना पिंपळाजवळून जाताना पाहायचो. हातात पिशवी, एका पायाची टाच फुटलेली म्हणून किंचित लंगडत. आता तुम्हाला वाटेल, एवढी सोपी सही, कोण नाही म्हणेल? जवळजवळ सगळे नाही म्हणाले. विवाहित लेक "माझ्या घरची रहिवासी" असं लिहून द्यायचं म्हणजे उद्या कुणी विचारलं तर? टाकून दिली का तिला? नांदत नाही का? जो तो शुभांगीची गोष्ट काढायचा. तीच गोष्ट पंचवीस वर्षं मालनबाईंनीच प्रत्येकाला सांगितली होती. कुणी म्हणालं जावयाला विचारून सांगतो, कुणी म्हणालं पितृपक्ष संपू दे. एकाने तर त्यांना ऐकवलं, "मालनबाई, नोकरी तुमची जाणार म्हणून आमच्या पोरींचे संसार मोडता का?"

माझ्याकडे त्या शेवटी आल्या. त्यांना खात्री होती म्हणून शेवटी. नमुना माझ्यापुढे ठेवला, पेनही स्वतःचंच काढलं.

"भाऊ, मनीषाचा."

मी कागद वाचला. दोनदा वाचला. मनीषाचा नवरा जरा तिरसट आहे. त्या वर्षी त्यांनी संगमनेरात घर बांधायला काढलं होतं, माझ्याकडून काही मदत व्हावी अशी त्याची अपेक्षा होती आणि मी ती केली नव्हती. फोनवर तो हूं नाहीतर बरं, एवढंच बोलत होता. म्हटलं, असा कागद कुठे फिरेल, कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही. "मालनबाई," मी म्हणालो, "दहा-वीस आणखी मिळवा, मग मी देतोच. माझ्या एकट्याच्या सहीने काय होणार?"

त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं. "तेजलला नववा लागंल पौषात," त्या म्हणाल्या. "तिचं बाळंतपण इथं व्हावं, येवढंच माझ्या मनात हाय. बाकी मला काय कळत नाय." आणि गेल्या. एकोणीस वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला आपण काय केलं ते कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मी पेपर उघडून बसलो.

अकरा सह्या मिळाल्या. एकशे बारांपैकी अकरा.

दिवाळीनंतर प्रसूतिगृह बंद झालं. ठराव मीच लिहिला, सर्वानुमते. संस्थेने वाईट वाटून का होईना, काहीतरी दिलंच. वसाहतीच्या तोंडाशी एक कमान उभी केली, आत रंगीत दिवे आणि वसाहतीचं नाव. त्या कमानीखालून आम्ही सगळे रोज ये-जा करतो, म्हणजे लाभार्थी शंभर टक्के स्थानिक झाले. इमारत मंडळाने मंडप डेकोरेशनवाल्याला गोडाऊन म्हणून दिली. विमला सिस्टर नाशिकरोडला मुलाकडे गेल्या. शेवटच्या दिवशी मालनबाईंनी फरशी पुसली, टेबल पुसलं, त्याच्या आखूड पायाखालचं रबर काढून धुतलं आणि परत बसवलं. महिन्याभराने मी सहज डोकावलो तर त्या टेबलावर जेवणावळीच्या कढया रचल्या होत्या.

मालनबाईंना एका शाळेत झाडलोटीचं काम मिळालं.

तेजलचं सासर येवल्याला. नवरा रविराज, पैठणीच्या मागावर बसणाऱ्या घरातला, शांत मुलगा. डोहाळजेवण तिकडे झालं आणि मग तो तिला एसटीने घेऊन आला. मी दारातच होतो. पोर अंगाने भरली होती, गालांवर वांग आले होते. माझ्या पाया पडायला वाकू लागली तर मीच अडवलं. "काका, तुमचं टेबल कुठे गेलं हो?" ती हसत म्हणाली. तिला वाटलं कुठेतरी दुसरीकडे हलवलं असेल.

नाव मोठ्या हॉस्पिटलात घातलं, नऊ किलोमीटरवर. जवळ खासगी दवाखाने आहेत, पण तिथला खर्च मालनबाईंच्या आवाक्यातला नव्हता आणि जावयापुढे हात पसरायला त्या तयार नव्हत्या. मी सांगून ठेवलं होतं, वेळ येईल तेव्हा माझी व्हॅन आहे. एवढं तरी करू, असं मनाशी म्हणत होतो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी तिला बारीक कळा सुरू झाल्या. आम्ही नेली. हॉस्पिटलात गर्दी मरणाची. तपासून म्हणाले, पहिलटकरीण आहे, अजून पुष्कळ वेळ आहे, उद्या परवा या. त्यांचंही चूक नव्हतं, खाट रिकामी नव्हती. आमच्याकडे असती तर मालनबाईंनी तिला व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या असत्या आणि दर तासाला सिस्टरांनी पोटावर हात ठेवला असता. पण आता ते नव्हतं, म्हणून आम्ही परत आलो.

बुधवारी सकाळी साडेनऊला मालनबाईंनी माझ्या दाराची कडी वाजवली नाही, दारच ढकललं. "भाऊ, चला. लय जोरात आल्यात."

मी व्हॅन काढली. मागच्या सीटवर तेजल, तिचं डोकं सिस्टरांनी मालनबाईंना दिलेल्या जुन्या चादरीवर, आणि मालनबाई खाली दाटीवाटीने गुडघ्यांवर. वसाहतीच्या कमानीकडे निघालो, तर गोडाऊनसमोर मंडपवाल्याचा टेम्पो आडवा उभा. खुर्च्या चढवत होते. पाच मिनिटं तिथेच गेली. तेजल खिडकीतून त्या इमारतीकडे बघत होती. म्हणाली, "आई, इथंच ने ना मला."

"नाय गं बाई," मालनबाई म्हणाल्या. "तिथं आता काय नाय."

सिंहस्थाच्या कामासाठी त्र्यंबक रस्ता ठिकठिकाणी उकरलेला. एका बाजूने दोन्हीकडची वाहनं. आम्ही अडकलो ते अडकलोच. पुढे डंपर, मागे बस, बाजूला खडीचा ढीग. मी हॉर्नवर हात ठेवून बसलो. कुणाला सरकायला जागाच नव्हती, तर सरकणार कुठे? मागे मालनबाईंचा आवाज एकसारखा चालू होता. "आता जोर. आता थांब. श्वास घे. आता." तीस वर्षं जो आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता, तोच. मग बाळ रडलं. मुलगी.

मी आरशात पाहिलं. मालनबाईंनी बाळ पदरात गुंडाळून तेजलच्या छातीशी ठेवलं होतं. तेजल हसत होती, हे मी पाहिलंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी वेड्यासारखा म्हणालो, "झालं, झालं, सुटली पोर."

मालनबाई खाली वाकून बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊ, रगत थांबत नाय."

त्यांना सगळं माहीत होतं. पोट कसं चोळायचं, कुठे दाबायचं, सगळं त्या करत होत्या, दोन्ही हातांनी, घामाने थबथबून. सिस्टरांच्या हाताखाली असं त्यांनी कितीदा पाहिलं होतं. आणि प्रत्येक वेळी सिस्टर म्हणायच्या, मालन, फ्रिज, दुसरा कप्पा. डंपर हलला तेव्हा मी गाडी खडीवरून घातली. वाटेत एक खासगी दवाखाना दिसला तिथे थांबलो, आत धावलो. तिथली मुलगी बाहेर आली, मागच्या सीटकडे पाहून पांढरी पडली. म्हणाली डॉक्टर ऑपरेशनला बाहेर गेलेत, मोठ्या हॉस्पिटलला न्या, लवकर न्या. पुन्हा रस्ता, पुन्हा रांग. मालनबाई आता तेजलशी बोलत होत्या. "डोळं उघड. पोरीकडं बघ. तेजे, झोपू नको. झोपू नको म्हणते ना मी." आणि मग, मला नाही, कुणालाच नाही, नुसतंच, "एक सुई. एका सुईचं काम हाय. एक सुई."

आम्ही पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. आतल्या लोकांनी धावपळ केली, रक्त लावलं, सगळं केलं. बाराला दहा मिनिटं कमी असताना डॉक्टर बाहेर आले.

मालनबाई रडल्या नाहीत. त्यांनी बाळ मागून घेतलं, बाकावर बसल्या आणि ते हलवत राहिल्या. हात कोपरापर्यंत वाळलेल्या रक्ताने माखलेले. मी म्हटलं धुवून या, मी धरतो. त्या म्हणाल्या, "असू द्या. तिचंच हाय." मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. सत्याऐंशी साली ज्या कारणासाठी आम्ही चौदा महिने घमेली उचलली, त्याच कारणाने, तशीच, रस्त्यात गाडीमध्ये, आमची एक पोर गेली होती. आणि मधल्या काळात ते बांधलेलं आम्हीच आपल्या हातांनी कुलूप लावून बंद केलं होतं.

रविराज दुपारी अडीचला येवल्याहून पोहोचला. भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्यासोबत आलेले चुलते हलक्या आवाजात गाडीचं बघत होते. रीतीने तेजलला सासरी न्यायचं होतं. मालनबाई त्याला हरकत घेणार नव्हत्या, घेऊ शकत नव्हत्या.

कागदांसाठी आम्हाला खिडकीपाशी बोलावलं. आत एक मध्यमवयीन बाई कॉम्प्युटरपुढे बसलेली, नाव विचारत, टाइप करत. वय सत्तावीस. लग्न झालेलं. मग म्हणाली, "पत्ता?"

मीच सवयीने सुरुवात केली, "येवला, तालुका..."

"भाऊ, थांबा."

त्यांनी बाळ एका हातावर घेतलं आणि दुसरा हात खिडकीच्या कठड्यावर ठेवला. तोच, न धुतलेला.

"घर नंबर सत्तेचाळीस. श्रमसाफल्य वसाहत. सातपूर."

खिडकीतली बाई म्हणाली, "आजी, आधार कार्डावर येवल्याचा पत्ता आहे."

"असू द्या. ती इथली हाय. इथंच जन्मली, इथंच वाढली, इथं बाळंत व्हायला आली व्हती. बाई, तिला इथली मोजा."

मी रविराजकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि हळूच हलवली, असू द्या म्हणून. 

खिडकीतल्या बाईने एकदा मालनबाईंच्या हाताकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढे सरकवला. मृत महिला सध्या अमुक पत्त्यावर वास्तव्यास होती, तिथली रहिवासी होती, असं शेजाऱ्याने लिहून द्यायचं. खाली सहीची जागा. "तिथलं ओळखीचं कुणी आहे का?" तिने विचारलं.

मालनबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेनही पुढे केलं नाही. मी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि सही केली.